राक्षसभुवन ते ‘ईव्ह ऑनलाइन’ : आभासी युद्धांतील खरी मुत्सद्देगिरी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावहून दक्षिणेकडे निघाले, की गोदावरी लागते. नदीपलीकडे बीड जिल्हा. याच नदीच्या काठी, थोडे वरच्या अंगाला, गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे आणि निजाम अली यांच्यात लढाई झाली. तिचा निकाल तलवारीने लागला, असे शालेय इतिहासात वाचायला मिळते. वस्तुतः तो आदल्या काही दिवसांच्या खलित्यांनीच बव्हंशी लागला होता.

नागपूरकर जानोजी भोसले त्या वर्षी निजामाच्या छावणीत होते. सातारच्या छत्रपतींच्या नावाने चालणाऱ्या कारभाराची सूत्रे हाती येतील, असे आमिष त्यांना दाखवले गेले होते. निजामाच्या फौजेने पुणे जाळले, तेही याच वर्षी. पुढे पेशव्यांकडून ३२ लाखांच्या मुलखाचे आश्वासन आले आणि जानोजी मनाने निजामापासून दूर झाले. निजाम निम्म्या फौजेनिशी गोदा उतरून उत्तर तीरावर गेला असता जानोजींनी आपले सैन्य बाजूला काढले. दक्षिण तीरावर उरलेला दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि नदीला पूर असल्याने निजामाला पैलतीरावरून पाहत राहण्यापलीकडे काही करता आले नाही.

मोबाइलवर लढाया खेळणाऱ्या आजच्या मुलांना ही गोष्ट सांगितली, तर ती त्यांना मुळीच जुनी वाटणार नाही. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये पन्नास जणांचा गट असतो, त्यात नेता, सहनेता, ज्येष्ठ अशा पायऱ्या असतात आणि कुणाला वर चढवायचे यावरून रुसवेफुगवे होतात. परंतु हे झाले बाळबोध राजकारण. त्याचे प्रौढ रूप पाहायचे तर ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाकडे वळावे लागते.

आइसलँडमधील ‘सीसीपी’ या कंपनीने मे २००३ मध्ये तो सुरू केला. अवकाशातील हजारो सूर्यमाला, खनिजे, कारखाने, बाजारपेठा आणि युद्धनौका असे त्याचे स्वरूप आहे. या खेळाचे वैशिष्ट्य असे, की चीनसाठीचा वेगळा सर्व्हर वगळता जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात, आणि बुडालेली नौका परत मिळत नाही. काही खेळाडू मिळून ‘कॉर्पोरेशन’ होते, अनेक कॉर्पोरेशनांची ‘अलायन्स’ आणि अलायन्सांची आघाडी. सीमावर्ती प्रदेशात कंपनीने पोलीस ठेवलेले नाहीत. तिथे ज्याची फौज, त्याचा मुलूख. फसवणूक, हेरगिरी, फितुरी यांनाही खेळाच्या नियमांत मज्जाव नाही. साहजिकच केलेला तह पाळायला लावणारे न्यायालय कुठेच नाही, आणि तिथूनच खरे राजकारण सुरू होते.

प्रत्येक मोठ्या अलायन्समध्ये मुत्सद्दी नेमलेले असतात. पेशवाईतील ‘वकील’ हा शब्द त्यांना अधिक शोभेल. त्यांचे बहुतेक काम खेळाच्या बाहेर, संदेश-सेवांवर आणि रात्री-अपरात्रीच्या संभाषणांत चालते. मित्रगट पडद्यावर निळा दिसतो, शत्रू लाल. एखादा गट निळा करायचा की नाही, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो; कारण निळ्यावर गोळी झाडता येत नाही, आणि सगळेच निळे झाले तर लढायचे कोणाशी, ही अडचण उरते. म्हणून ‘एकमेकांचा मुलूख घ्यायचा नाही, पण चकमकी चालू ठेवायच्या’ असे मजेशीर करारही होतात. बलाढ्य गट दुबळ्या गटांना आपल्या हद्दीत खाणकाम करू देतात आणि त्याबदली दरमहा भाडे घेतात. चौथाई ठाऊक असलेल्या वाचकाला हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको!

फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या त्या काळच्या सर्वांत दबदब्याच्या अलायन्समधील एक संचालक प्रतिस्पर्धी ‘गून्सवॉर्म’ला जाऊन मिळाला. त्याच्याकडे असलेल्या अधिकारांचा वापर करून अलायन्सच विसर्जित करण्यात आली. अनेक वर्षे रक्त आटवून मिळवलेल्या मुलखावरचा हक्क एका रात्रीत नाहीसा झाला. एकही मोठी लढाई न होता.

सप्टेंबर २०१७ मधील प्रकरण तर राक्षसभुवनच्या अधिक जवळचे आहे. ‘सर्कल ऑफ टू’ या अलायन्सचा प्रमुख मुत्सद्दी आपल्या नेत्याच्या कारभाराला विटला होता. त्याने तिजोरी आणि किल्ल्यांसारखी प्रचंड अवकाशस्थानके हातची काढून घेतली. संतापलेल्या नेत्याने खेळातच उघडपणे त्याला इजा करण्याची धमकी दिली. कंपनीने फितुराला हात लावला नाही. धमकी देणाऱ्याला मात्र खेळातून कायमचे काढले. गंमत अशी, की याच अलायन्सने २०१६ च्या युद्धात गून्सवॉर्मच्या आघाडीची साथ ऐनवेळी सोडली होती.

हे सारे खोटेखोटेच ना, असे कोणी म्हणेल. पण खेळातील चलन खऱ्या पैशांनी विकत घेतलेल्या वस्तू विकून मिळवता येते. त्यामुळे नुकसानीची किंमत डॉलरमध्ये मांडता येते. २७ जानेवारी २०१४ रोजी एका सूर्यमालेचे शुल्क वेळेवर भरले गेले नाही. आपोआप भरणा होण्याची व्यवस्था चालू नव्हती. हक्क रिकामा झालेला पाहताच विरोधक धावले, दोन्ही बाजूंचे मित्रगट खेचले गेले आणि सुमारे २१ तास चाललेल्या त्या लढाईत ‘टायटन’ जातीच्या ७५ महानौका नष्ट झाल्या. नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात धरले गेले. प्रस्तुत प्रतिनिधीला मात्र डॉलरपेक्षा माणसांचे तास अधिक महत्त्वाचे वाटतात. अशी एक नौका उभी करण्यामागे अनेकांच्या कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी असतात.

या खेळातील वकिलीला केवढा मान आहे, हे २०१२ मध्ये जगाला कळले. ११ सप्टेंबर रोजी लिबियातील बेंगाझी येथे अमेरिकेच्या राजनैतिक कार्यालयावर हल्ला झाला. त्यात मृत्यू पावलेल्यांत शॉन स्मिथ हे परराष्ट्र खात्याचे अधिकारी होते. ‘व्हाइल रॅट’ या नावाने तेच गून्सवॉर्मचे नामांकित मुत्सद्दी होते. त्यांच्यासाठी दुखवटा पाळणाऱ्यांत त्यांच्याशी वर्षानुवर्षे लढलेले गटही होते.

जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या महायुद्धात बहुतेक मोठे गट गून्सवॉर्मच्या आघाडीविरुद्ध एकवटले. संख्याबळ त्यांच्याकडे होते. ३० डिसेंबर रोजी सुरू झालेल्या एकाच लढाईत अडीचशेहून अधिक टायटन बुडाले. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये वेढा उठला. समान शत्रू हेच ज्यांचे एकमेव नाते, त्यांना वर्षभर एकत्र राखणे हे नौका बांधण्याहून कठीण काम असते.

माधवराव पेशव्यांना हे चांगले ठाऊक असावे. राक्षसभुवनला उपयोगी पडलेल्या जानोजींवर ते १७६६ मध्ये चालून गेले, तेही निजामाला सोबत घेऊन, आणि दिलेल्या ३२ लाखांपैकी बराच मुलूख परत घेतला. १७६९ मध्ये कनकापूरचा तह झाला. त्यात जानोजींनी पेशव्यांच्या परवानगीवाचून दिल्लीचा बादशहा, निजाम किंवा इंग्रज यांच्याशी परस्पर बोलणी करू नयेत, असे कलम घातलेले आहे.