लक्ष्मीच्या दोन प्रती, पण आधीची कोणती?

जुन्या छापील चित्रांवर काम करणार असाल तर 'सेम टू सेम' हे शब्द आत्ताच सोडून द्या. एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की फरक दिसतोच. तो कुठे पडला, हे शोधायचं असतं.

कासार आंबोलीत मी दोन घरांत राजा रवी वर्मांची लक्ष्मी पाहिली. त्यांची प्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि १८९९ मध्ये मळवलीला आली, म्हणजे आमच्या मुळशीशेजारच्या मावळात. काम शिळाछापाचं. चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र उतरवायचं आणि दगड ओला करायचा. तेलकट भाग पाणी घेत नाही, छापायची शाई मात्र धरतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद एकच!

आता समजा लाल रंग जरासा सरकला आणि ओठांबाहेर आला. हा अपघात त्या कागदापुरता. त्यावरून आधीची-नंतरची ठरवू नका, कितीही मोह झाला तरी.

दगडावरच बदल केला तर गोष्ट वेगळी, कारण त्या दगडाच्या पुढच्या सगळ्या प्रतींत तो उतरतो. अमेरिकेत १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची शिळाछाप कार्डं मिळायची. त्यात शेरी मगीच्या आडनावात 'ई'च्या जागी 'आय' पडला आणि नंतर दुरुस्त झाला. म्हणून चुकीचं कार्ड आधीचं.

आपल्याकडे हे काम चित्राखालची पट्टी करते. तिथे 'कार्ला-लोणावळा' असेल तर ती प्रत मुंबईच्या काळातली नाही. पण हा काळ छपाईचा, मूळ चित्राचा नव्हे. आणि 'रवी वर्मा प्रेस' वाचून लगेच मालकही ठरवू नका. प्रेस पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने घेतली, तरी नाव तेच राहिलं.

तिसरा प्रकार घरातला: उन्हाने उडालेला रंग, हौसेने लावलेली जर-टिकली, फ्रेममध्ये बसावं म्हणून कापलेली कड. आमच्या गावातल्या एका लक्ष्मीची पट्टी अशीच गेलीय. दुसरीवर पत्ता आहे, पण त्यावरून पहिलीचा काळ सांगता येत नाही. माझ्या नोंदीत तिच्यापुढे 'काळ अनिश्चित' एवढंच आहे.

तेव्हा फोटो काढताना आधी पट्टीचा काढा, मग चेहऱ्याचा. कडा मोजा. आणि चित्र पूजेतलं असेल तर घरातल्या आजींना विचारल्याशिवाय खिळ्यावरून उतरवू नका.