समुद्राचा अबोल वायू

आमचे धारगळ किनाऱ्यावर नाही. तरी पश्चिमेचा वारा सुटला की समुद्राचा वास येतोच. त्या वासात डायमिथिल सल्फाइडचा वाटा मोठा. पण तो वायू एकदोन दिवसांत हवेतच रूपांतर पावतो. थेट स्थितांबर गाठतो तो नायट्रस ऑक्साइड. त्याचा आम्हांला वासही येत नाही.

शापोऱ्यापलीकडे, बार्देशातील कांदोळीसमोरच्या समुद्रातून दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेत आली आहे. पावसाळ्यात व त्यामागोमाग तळाचे थंड, प्राणवायूविरहित पाणी किनाऱ्याकडे वर येते आणि सूक्ष्म जीवाणू त्यातील नायट्रेटपासून हा वायू विपुल तयार करतात, असे डॉ. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडले. शेतांतून वाहून येणारे खत त्यात भर घालीत असावे, हाही त्यांचा कयास.

हा वायू मोठा अलिप्त! पावसाने धुतला जात नाही, खालच्या हवेत कशाशी संयोग पावत नाही. म्हणूनच तर उष्ण कटिबंधातील ऊर्ध्वगामी प्रवाहांबरोबर तो सावकाश वर चढतो. तेथे सूर्यकिरण त्याचे विघटन करतात. थोड्या भागापासून नायट्रिक ऑक्साइड होते व ते ओझोन झिजविते. त्याचे सरासरी आयुष्य शंभराहून अधिक वर्षांचे. १९८७ च्या माँट्रियल कराराने शीतकपाटांतील फ्रिऑनला आवर घातला. नायट्रस ऑक्साइड मात्र त्या यादीत अद्याप नाही.