मुलाला स्काउटमध्ये घालावं का?

‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संस्था १९५० पासून शाळाशाळांतून काम करते. लहान मुलगे ‘कब’, मुली ‘बुलबुल’. साधारण दहाव्या वर्षानंतर स्काउट-गाइड. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाता येतं.

नाव घालण्याआधी शाळेचं पथक पाहून या. गणवेश फक्त १५ ऑगस्टच्या संचलनापुरता कपाटातून निघत असेल, तर पैसे वाया. पण सहा-आठ जणांचा संघ स्वतः तंबू ठोकतोय, गळ्यातला स्कार्फ सोडून, रीफ नॉट मारून दुखऱ्या हाताला झोळी बांधतोय असं दिसलं, तर खुशाल पाठवा. शिक्षकांनी प्रशिक्षण घेतलंय का, मुलींच्या शिबिरात मुक्कामाला शिक्षिका असतात का, हे आवर्जून विचारा. आणि मुलाचा कल? दोन-तीन तासिकांना नुसतं बसू द्या, तोच सांगेल.