आज्ञावली सर्वांची, मार्का कुणाचा?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे बोधचिन्ह तयार करताना चित्राइतकाच विचार परवान्याचाही करावा लागतो

‘मार्का’ म्हणजे काय, हे कापसाची बाजारपेठ असलेल्या अकोटला वेगळे सांगण्याची गरज नाही. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या १९२५ च्या कायद्याने रुईच्या प्रत्येक गाठीवर प्रेसचा मार्का आणि अनुक्रमांक उमटवणे बंधनकारक केले होते. यामागचे कारण सरळ होते. गाठ दूरच्या गिरणीत फोडल्यावर आत ओला किंवा भेसळीचा कापूस निघाला, तर जाब कुणाला विचारायचा, हे त्या मार्क्यावरून कळत असे. संगणकाच्या क्षेत्रात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो आणि तेथे तो अधिक गुंतागुंतीचा असतो.

मुक्तस्रोत, अर्थात ओपन सोर्स सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली असते. कुणीही ती उतरवून घ्यावी, वाचावी, बदलावी आणि बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, अशी परवानगी तिच्या परवान्यातच दिलेली असते. मग अशा बदललेल्या प्रतीवर मूळ प्रकल्पाचे बोधचिन्ह लावता येईल का? सरसकट ‘हो’ म्हटले, तर एखाद्याने घातक आज्ञा घुसवलेली प्रतही अस्सल म्हणून खपेल. सरसकट ‘नाही’ म्हटले, तर प्रकल्पाचा प्रसार करणाऱ्या विद्यार्थ्याला साधे भित्तिपत्रकही छापता येणार नाही. बोधचिन्ह तयार करणाऱ्या चित्रकाराला या दोन टोकांच्या मधून वाट काढावी लागते.

पेंग्विन आणि कोल्हा

लिनक्सचा पेंग्विन हे या क्षेत्रातील सर्वांत परिचित चित्र. लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये ‘गिंप’ या मुक्तस्रोत चित्रप्रणालीत ते तयार केले. विशेष म्हणजे लिनक्सच्या बोधचिन्हासाठी झालेल्या स्पर्धांपैकी एकही या पेंग्विनने जिंकली नाही. तरीही तो लोकांनी स्वीकारला. त्याचे एक कारण युइंग यांनी घातलेल्या सुटसुटीत अटीत सापडते. चित्र वापरा, हवे तसे बदला. कुणी विचारलेच, तर चित्रकाराचे आणि गिंपचे नाव सांगा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

चित्र असे मोकळे राहिले; पण नावाच्या बाबतीत लिनक्सला धडा मिळाला. १९९० च्या दशकात अमेरिकेतील एका व्यक्तीने ‘लिनक्स’ हे नाव स्वतःच्या नावे ट्रेडमार्क म्हणून नोंदवले आणि ते वापरणाऱ्यांकडे पैशांची मागणी सुरू केली. वाद कायदेशीर लढाईपर्यंत गेला. अखेर १९९७ मध्ये समझोता होऊन हा ट्रेडमार्क लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे आला. आज्ञावली सर्वांची असली, तरी तिची ओळख कुणीच नोंदवली नाही, तर तिऱ्हाईत ती पळवू शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

याच्या अगदी उलट पेच फायरफॉक्सच्या बाबतीत निर्माण झाला. या ब्राउझरचे पृथ्वीगोलाला वेढणाऱ्या कोल्ह्याचे बोधचिन्ह लोकप्रिय ठरले. परंतु त्या चित्राचा परवाना आज्ञावलीइतका खुला नव्हता. केवळ मुक्त साहित्यच वितरित करण्याचे धोरण असलेल्या डेबियन प्रकल्पाने ते चित्र वगळून फायरफॉक्स द्यायला सुरुवात केली. नाव वापरायचे, तर अधिकृत चित्र हवे आणि केलेल्या बदलांना संमतीही हवी, अशी भूमिका मोझिलाने २००६ मध्ये घेतली. परिणामी डेबियनने तोच ब्राउझर ‘आइसविझल’ या वेगळ्या नावाने आणि वेगळ्या चित्रासह दिला. ही फारकत मिटायला २०१६ साल उजाडले.

या वादात दोन हक्कांची सरमिसळ होती. चित्राची नक्कल करण्याचा किंवा ते बदलण्याचा हक्क कॉपीराइटमध्ये येतो. ते चित्र ओळख म्हणून कुणी मिरवावे, हे ट्रेडमार्क ठरवतो. डेबियनने स्वतःपुरता हा प्रश्न दोन चिन्हांनी सोडवला होता. १९९९ मध्ये स्पर्धेतून निवडलेल्या त्यांच्या बोधचिन्हातील लाल भोवरा सर्वांच्या वापरासाठी खुला ठेवण्यात आला, तर बाटलीतून निघणाऱ्या भोवऱ्याचे दुसरे रूप अधिकृत कामापुरते राखून ठेवण्यात आले.

लहान आकाराची कसोटी

हक्कांचा प्रश्न सुटला, तरी चित्राची स्वतःची कसोटी उरतेच. ब्राउझरच्या पट्टीवर बोधचिन्हाला अवघे १६ बाय १६ बिंदू मिळतात. बारीक छटा आणि नाजूक रेषा तेथे पुसल्या जातात. ज्या प्रणालीवर मराठी विकिपीडिया चालतो, त्या मीडियाविकीचे मूळ बोधचिन्ह म्हणजे चौकटी कंसांतील सूर्यफुलाचे छायाचित्र होते. मोठ्या आकारात ते देखणे दिसे. लहान आकारात मात्र पाकळ्यांचा गोंधळ होई. २०२१ मध्ये त्याच फुलाचे साध्या, सपाट आकारांतील रूप स्वीकारण्यात आले. म्हणूनच बोधचिन्ह आधी एका रंगात रेखाटून पाहावे आणि ते लहानात लहान आकारात ओळखू येते का, हे तपासूनच रंग भरावेत, असा या कामातील दंडक आहे.

देवनागरी अक्षर वापरायचे असेल, तर आणखी एक खबरदारी हवी. विकिपीडियाच्या कोड्याच्या तुकड्यांनी बनलेल्या गोलावर देवनागरीतील ‘वि’ आहे. २००३ मध्ये स्वीकारलेल्या आवृत्तीत त्या अक्षराची ऱ्हस्व वेलांटी नीट बसलेली नव्हती. जगभर झळकणाऱ्या चिन्हातील ही चूक २००७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीचा विषय झाली. पण ती दुरुस्त व्हायला २०१० साल उजाडले. लिपी जाणणाऱ्या एका माणसाच्या नजरेखालून ते चित्र आधी गेले असते, तर एवढी वर्षे लागली नसती. मुक्तस्रोत प्रकल्पांना मराठी वाचणारा चित्रकार हवा असतो, तो यासाठीच.

साधने मोफत, कागद पक्का

या कामासाठी महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची आवश्यकता नाही. रेषाचित्रांसाठी ‘इंकस्केप’ आणि छायाचित्रांसाठी ‘गिंप’ या दोन्ही प्रणाली विनामूल्य मिळतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अशा मुक्त प्रणालींचे दृक्-श्राव्य धडे तयार झाले असून, प्रकल्पाच्या भाषांमध्ये मराठीचाही समावेश आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्टही खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत. फॉन्टसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपन फॉन्ट लायसन्समध्येही मार्क्याचेच तत्त्व दिसते. निर्मात्याने नाव राखून ठेवले असेल, तर फॉन्ट बदलता येतो; मात्र बदललेला फॉन्ट मूळ नावाने देता येत नाही.

बोधचिन्ह तयार झाल्यावर केवळ चित्र पाठवून काम संपत नाही. आकार कितीही वाढवला तरी न फाटणारी एसव्हीजी स्वरूपातील मूळ फाइल, एकरंगी आवृत्ती आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक सोबत द्यावे लागतात. मूळ फाइल दिली नाही, तर पुढच्या दुरुस्तीसाठी प्रकल्प एकाच माणसावर अवलंबून राहतो आणि मुक्तस्रोताचा हेतूच मागे पडतो.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो कागद. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. नोकरीचा भाग म्हणून नव्हे, तर स्वेच्छेने आणि मोबदल्याविना काढलेल्या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. तो प्रकल्पाकडे सोपवायचा, तर लेखी आणि स्वाक्षरीचा दस्तऐवज लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरता समजला जातो. जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी या दोन्ही गोष्टी अडचणीच्या ठरू शकतात. नाव आणि चिन्ह यांची नोंदणी मात्र १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली वेगळी करावी लागते. ती दहा वर्षांसाठी असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करता येते.

प्रोग्रामिंग न येणाऱ्या तरुणालाही मुक्तस्रोत प्रकल्पात मानाचे स्थान मिळवून देणारे हे काम आहे. अकोटसारख्या ठिकाणी फलक रंगवणारा किंवा कलाशिक्षक होऊ पाहणारा विद्यार्थीही ते करू शकतो. त्याने पेन्सिल हाती घेण्यापूर्वी प्रकल्पाला तीन प्रश्न विचारावेत. हे चिन्ह कुणी वापरावे? बदललेल्या प्रतीवर ते चालेल का? आणि त्याचा हक्क कुणाच्या नावे राहील? ही उत्तरे लेखी मिळाली, तर पुढे चित्र कितीही वेळा बदलले, तरी मार्का कुणाचा, याविषयी वाद उरणार नाही.