घड्याळ पाहणारा मार्क्स, चमचा पाहणारा व्हेब्लेन

भांडवलशाहीवर टीका करणारे विचारवंत म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु रोग एक असला तरी नाडी पाहण्याची रीत प्रत्येकाची निराळी. कार्ल मार्क्स आणि थॉर्स्टाईन व्हेब्लेन या दोघांचेच पाहा ना!

मार्क्स लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून सरकारी कारखाना निरीक्षकांचे अहवाल वाचीत असे. कामगाराला वेळेआधी यंत्रावर उभे करायचे, जेवणाच्या सुट्टीतली मिनिटे कापायची, संध्याकाळी उशिरा सोडायचे, हे इंग्लंडमधील गिरणीमालकांचे उद्योग त्यात नोंदलेले होते. कोणी म्हणेल, पाच मिनिटांनी काय बिघडते? वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या. रोज ५ मिनिटे, कामाचे दिवस ३०० धरले तर वर्षाला १५०० मिनिटे, म्हणजे २५ तास. दहा तासांचा दिवस धरला, तर एका माणसाचे अडीच दिवस फुकट! गिरणीत हजार माणसे असली तर अडीच हजार दिवस!

मार्क्सची चिकाटी एवढी, की यंत्रे किती वर्षांनी बदलावी लागतात हे त्याने १८५८ साली एंगल्सला पत्राने विचारले. एंगल्स मँचेस्टरच्या सूतगिरणीच्या धंद्यातलाच. त्याने घसाऱ्याचा दर साडेसात टक्के कळवला. (हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्याला हा पत्रव्यवहार वाचताना आपलाच माणूस भेटल्यासारखे वाटते.) नफा बाजारात दिसतो, पण जन्मतो कामाच्या तासांत, मजुरी भागल्यावरही कामगार जे राबतो त्यातून वरकड मूल्य निघते, हे १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथाचे सार.

व्हेब्लेन हा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. १८९९ साली रिकामटेकड्या धनिक वर्गावर त्याने पुस्तक लिहिले. त्याची नजर गिरणीवर नाही, दिवाणखान्यावर. श्रीमंताच्या हातात काठी का? तर या हातांना काम करावे लागत नाही, हे जगाला दिसावे म्हणून! हाताने घडवलेला चांदीचा चमचा यंत्राच्या स्वस्त चमच्यापेक्षा जेवायला अधिक सोयीचा नसतो; मान त्याच्या किमतीला. आणि प्रत्येक थर आपल्या वरच्या थराची नक्कल करतो, अगदी गरीबसुद्धा. त्यामुळे कामगार मालकाला पाडण्याऐवजी मालकासारखे दिसू पाहतो.

माझ्या मते मार्क्सची तपासणी अधिक खोल आहे. पगारपत्रकात जादा कामाचे तास गायब झाले, तर त्याचाच आधार घ्यावा. पण तोच कामगार मुलीच्या लग्नाचा मांडव साहेबाच्या मांडवाएवढा हवा म्हणून व्याजाने पैसे काढतो, तेव्हा काय? मालकाने काही त्याला सांगितलेले नसते. तिथे व्हेब्लेन लागतो. मात्र मांडव उतरल्यावर ते कर्ज फेडायचे कसे, याविषयी त्याच्या पुस्तकात चकार शब्द नाही.