अस्सल हिप हॉपचे भांडण

शिकागोच्या कॉमन या रॅपरचे ‘आय यूज्ड टू लव्ह एच.ई.आर.’ हे गाणे १९९४ साली आले. वरवर ऐकले तर ते दुरावलेल्या मैत्रिणीचे गाणे आहे. लहानपणी साधीभोळी असलेली ती पुढे पैशाच्या आणि गुंडगिरीच्या नादाला लागते; ती मैत्रीण म्हणजे हिप हॉप, हे अगदी शेवटी कळते. त्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रॅपवर ठेवलेला ठपका लॉस एंजेलिसच्या आइस क्यूबला झोंबला आणि त्याने गाण्यातूनच उत्तर दिले. यात लक्षात घ्यायचे ते साल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नासचा ‘इल्मॅटिक’ आणि सप्टेंबरमध्ये नोटोरियस बी.आय.जी.चा ‘रेडी टू डाय’ हे अल्बम बाजारात आले. हिप हॉपच्या सुवर्णकाळाचे शिखर म्हणून आज ज्या वर्षाकडे बोट दाखवले जाते, त्याच वर्षी एक बावीस वर्षांचा गायक ‘पूर्वीचे राहिले नाही’ म्हणून हळहळत होता.

हे गाऱ्हाणे तेव्हाही नवे नव्हते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने एका इमारतीत पार्टी रंगवली, तो हिप हॉपचा वाढदिवस मानतात. तबकडीवरचा फक्त ड्रमचा तुकडा पुनःपुन्हा वाजवायचा आणि त्यावर लोकांनी नाचायचे, असा तो मामला. पहिली गाजलेली तबकडी यायला १९७९ उजाडले. ‘रॅपर्स डिलाइट’ गाणारे शुगरहिल गँगचे तिघे त्या पार्ट्यांमधले नावाजलेले रॅपर नव्हतेच. त्यांच्यातल्या बिग बँक हँकने ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी उचलल्या, त्याही इतक्या जशाच्या तशा की कॅझच्या टोपणनावाची अक्षरेसुद्धा गाण्यात राहून गेली. कॅझला श्रेय मिळाले नाही. म्हणजे हिप हॉप दुकानात पोहोचले आणि अस्सल-नकलीचा वाद त्याच दिवशी सोबत गेला.

नव्वदच्या दशकात हा वाद टोकाला जाण्यामागे विक्रीचे आकडे होते. १९९० मध्ये एमसी हॅमरचा अल्बम २१ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला. व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचे ‘आइस आइस बेबी’ हे एकल गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचलेले पहिले हिप हॉप गाणे ठरले. प्रसिद्धीसाठी त्याचे बालपण मायामीच्या खडतर वस्तीत गेल्याचे सांगण्यात आले होते. तो डॅलसच्या उपनगरातल्या शाळेत शिकल्याचे उघडकीस आले आणि त्याचे हसे झाले. १९९१ पासून ‘बिलबोर्ड’ची अल्बमांची यादी दुकानांतल्या संगणकीय नोंदींवरून ठरू लागली. जूनमध्येच एन.डब्ल्यू.ए. हा गट तिच्या शिखरावर दिसला. वस्तीतले संगीत उपनगरांतली मुले विकत घेत आहेत, हे आता झाकून राहणे शक्य नव्हते. ‘कीप इट रिअल’ हे शब्द परवलीचे झाले ते या काळात.

‘रिअल’ म्हणजे नेमके काय, याची उकल केम्ब्रू मॅक्लिऑड या अभ्यासकाने १९९९ मध्ये केली. त्याला सहा जोड्या सापडल्या: स्वतःशी प्रामाणिक की लाटेवर स्वार, काळा की गोरा, भूमिगत की धंदेवाईक, कणखर की मऊ, रस्त्यावरचा की उपनगरातला, जुन्या परंपरेतला की मुख्य प्रवाहातला. सगळ्या कसोट्यांना उतरणारा कलावंत शोधणे अवघडच. अस्सलपणाची मूर्ती मानला गेलेला टुपाक शकूर बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाटक, कविता आणि बॅले शिकला होता. ‘कणखर की मऊ’ ही जोडी तर बायकांना दारातच अडवणारी होती.

त्या काळाच्या आवाजाबद्दलही असेच बोलले जाते. खरखरीत, ऊबदार, जरासा धुळकट असा तो आवाज चाहत्यांना ‘खरा’ वाटतो. तो घडवला यंत्राच्या तोकडेपणाने. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता येई, एक तुकडा तर अडीच सेकंदांहून मोठा चालत नसे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, तर हे यंत्र सुमारे २६,००० घेई. जागा वाचवण्यासाठी निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ च्या वेगाने फिरवून तुकडा भरून घेत आणि मग यंत्रात त्याचा वेग उतरवत. या काटकसरीत आवाज दाणेदार होई. आज अमर्याद स्मृती असलेल्या संगणकांवर तीच खरखर मुद्दाम मिसळली जाते.

दुसरी मर्यादा कायद्याची. गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याचे पैसे मोजावे लागू लागले. एकाच गाण्यात वीस-वीस तुकडे विणणे परवडेनासे झाले. अभिरुची घसरली म्हणून संगीत बदलले, असे सांगणारे चाहते वकिलांची बिले विसरतात.

आठवण निवडक असते. सुवर्णकाळाच्या यादीत हॅमरला कोणी घेत नाही. उलट ‘इल्मॅटिक’ला दहा लाख प्रतींचा टप्पा गाठायला २००१ उजाडले. १९९५ च्या ‘सोर्स’ पुरस्कार सोहळ्यात न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी अटलांटाच्या आउटकास्ट या गटाची हुर्यो उडवली, तो आउटकास्टही आता त्याच यादीत मानाने बसतो. टुपाक १९९६ मध्ये आणि नोटोरियस बी.आय.जी. १९९७ मध्ये मारला गेला. दोघेही पंचविशीच्या आतबाहेर गेले आणि चाहत्यांच्या मनात त्याच वयाचे राहिले.

मग स्मरणरंजनाला संस्थांचे छप्पर मिळाले. २००६ मध्ये ‘हिप हॉप इज डेड’ नावाचा अल्बम काढणाऱ्या नासच्या नावाने २०१३ मध्ये हार्वर्डला अभ्यासवृत्ती सुरू झाली. २०१९ च्या ‘गली बॉय’चा तो कार्यकारी निर्माता होता. त्या चित्रपटामागची प्रेरणा असलेल्या मुंबईच्या रॅपरांपैकी डिव्हाइन अंधेरीचा आणि नेझी कुर्ल्याचा, कथा मात्र धारावीत घडते. अस्सलपणाला ओळखीचा पत्ता लागतो, तो असा.

कसोट्या सैलही झाल्या आहेत. अमली पदार्थांच्या धंद्याच्या गोष्टी गाणारा रॅपर रिक रॉस पूर्वी तुरुंगात रक्षक होता, हे २००८ मध्ये उघड झाले. व्हॅनिला आइसची कारकीर्द अशाच गौप्यस्फोटानंतर ढासळली होती. रॉसचा पुढचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. २०१६ मध्ये तरुण रॅपर लिल याटीने टुपाक आणि बी.आय.जी.ची पाच-पाच गाणीही सांगता येणार नाहीत अशी कबुली दिली, तेव्हा जुन्या पिढीचा जो भडका उडाला तो रॉसच्या वाट्याला आला नव्हता. खोट्या चरित्रापेक्षा पूर्वजांचे विस्मरण मोठा गुन्हा ठरले.

सर्वांत विचित्र गत डी ला सोलची झाली. १९९६ मध्ये हिप हॉपच्या घसरणीवर ‘स्टेक्स इज हाय’ हा अल्बम काढणाऱ्या या गटाचे १९८९ मधले पहिले काम तुकड्यांच्या परवानग्यांअभावी इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर वर्षानुवर्षे मिळतच नव्हते. मार्च २०२३ मध्ये ते आले, पण काही तुकडे बदलून. त्यामुळे १९८९ ची कॅसेट आणि आज फोनवर वाजणारा तोच अल्बम काही ठिकाणी वेगवेगळे ऐकू येतात.