गच्चीवरचा आलेख आणि दुपारचे ऊन

नांदेड-लातूरकडे हल्ली काही हौशी मंडळी गच्चीवर छोटे हवामान यंत्र बसवितात. ‘डॉक्टरसाहेब, काल पारा ४१ च्या वर गेलाच नाही, मग चक्कर कशी आली?’ मी आधी विचारतो, यंत्र किती वेळाने नोंद घेते? तासाला एकच नोंद असेल, तर दोन ते तीनच्या दरम्यान पारा ४२ ला टेकून उतरला तरी आलेखात दिसणार नाही. तासाची सरासरी काढणारे यंत्रही हे शिखर बोथट करते. हिवतापाच्या रुग्णाचा ताप फक्त सकाळ-संध्याकाळ मोजला, तर दुपारची हुडहुडी तक्त्यावर येत नाही, तसेच हे. वेधशाळेतल्या कमाल तापमापकात दिवसाचा सर्वांत वरचा आकडा अडकून राहतो, म्हणून तिथे ही अडचण नाही.

घरच्या यंत्रात पाच मिनिटांची नोंद ठेवावी. (दर मिनिटाची ठेवली तर आलेख करवतीसारखा दिसतो, बहुधा ढगांची, झुळकांची करामत.) यंत्र सावलीत असावे, तापलेल्या पत्र्याजवळ नको. मात्र उन्हात राबणारा असंबद्ध बोलू लागला, अंग भाजू लागले, तर आलेख पाहत बसू नये. घाम असो वा नसो, सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे.